मौनाच्या तासातली रापण

एकोणीसशे बत्तीस सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या रत्नागिरीच्या मेथडिस्ट मंडळीचा पहिला आत्मिक मेळावा भरला. त्याआधी आमचे कार्यक्रम म्हणजे रविवारची उपासना, बुधवारची प्रार्थनासभा, नाताळात एक कीर्तन, आणि सुगीच्या सणाला देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आणून मांडलेले भोपळे, नारळ आणि भाताच्या लोंब्या. मंडळी तरी केवढी, सतरा घरं. सगळे एकमेकांना इतके ओळखत होतो, की प्रार्थनेत कोण कुठं अडखळणार हेसुद्धा ठाऊक असायचं.

त्या पावसाळ्यानंतर आमचे पाळक शांतवनसाहेब मुंबईच्या परिषदेहून परतले ते मेळाव्याची कल्पना डोक्यात घेऊनच. तीन दिवस घरदार सोडून सगळ्यांनी एका ठिकाणी राहायचं. सकाळी मौन, दुपारी बायबलचा अभ्यास, संध्याकाळी भजन आणि कीर्तन, आणि शेवटच्या दिवशी प्रीतिभोजन. प्रीतिभोजन म्हणजे सगळ्यांनी एका पंगतीत बसून साधं अन्न वाटून खायचं आणि ज्याला वाटेल त्यानं उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. आमच्या पंथाची ही जुनी रीत, पण रत्नागिरीत ती कुणी पाहिली नव्हती.

मी मिशनच्या शाळेत मास्तर आणि मंडळीचा चिटणीस, त्यामुळे सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात पडली. खोटं कशाला बोलू, मला ती हवीच होती. मी फुलस्केप कागदावर तिन्ही दिवसांचं वेळापत्रक लिहिलं, लाल शाईनं रेघा मारल्या आणि देवळाच्या दारावर लावलं. आठवडाभर मंडळीत दुसरा विषय नव्हता. आमच्या गोदूबाई म्हणजे बायबलबाई, घरोघर जाऊन बायकांना वचनं वाचून दाखवणाऱ्या, वय साठीच्या पुढे. त्यांनी जाहीर केलं, की त्या स्वतःचा पाटावरवंटा घेऊन येणार, कारण परक्या पाट्यावर वाटलेलं वाटण त्यांना सोसत नाही. मुंबईच्या आमच्या भाऊमंडळीतून सहाजण आगबोटीनं येणार होते, त्यात एकजण गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होता आणि तबला वाजवायचा. मुलं तर वेडी झाली होती. माझी सहा वर्षांची मैना रोज सकाळी उठून विचारायची, "आज जायचं?"

फक्त जागा कुठली ते शांतवनसाहेबांनी सांगितलं नव्हतं. एका रविवारी उपासना संपल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "हरिश्चंद्र, जागा मिळाली. पावस गावाच्या अलीकडे, डोंगर उतरला की वाळूची एक पुळण लागते. सुरूची झाडी आहे, गोडं पाणी आहे, मालकानं आनंदानं परवानगी दिली. शेजारी कोळ्यांची एक वाडी आहे, तेवढीच काय ती वस्ती."

मी त्या वाडीचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, आणि माझ्या हातातली स्तोत्रांची पुस्तकं खाली पडली.

ती माझ्या बायकोच्या माहेरची वाडी होती.

मथुरेचं पहिलं लग्न चौदाव्या वर्षी झालं होतं. नवरा गलबतावर खलाशी होता. वर्षभरात गलबत बुडाल्याची बातमी आली आणि मथुरा बापाच्या घरी परत आली. पुढे आईच्या दुखण्यासाठी ती रत्नागिरीच्या मिशनच्या दवाखान्यात आली, आई बरी होऊन घरी परतली आणि मथुरा सुईणीचं काम शिकायला राहिली. तिथंच तिनं बाप्तिस्मा घेतला, तिथंच आमची ओळख झाली. मी चिपळूणच्या वरच्या अंगाचा, शेतकऱ्याच्या घरातला. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो विसाव्या वर्षी. आमचं लग्न ठरलं तेव्हा मथुरेचा बाप भागोजी एकदाच दवाखान्याच्या फाटकाशी आला. आत आला नाही. "माझी पोर मेली," एवढंच पहारेकऱ्याला सांगून परत गेला. त्याला नऊ वर्षं झाली होती. भागोजी त्या वाडीचा तांडेल. होड्या कधी लोटायच्या आणि जाळं कुठं टाकायचं हे तोच ठरवायचा, आणि माणसांच्या बाबतीतही त्याचा शब्द तसाच चालायचा.

त्या दिवशी घरी येऊन मी मथुरेला सगळं सांगितलं आणि म्हणालो, "मी साहेबांना सांगून जागा बदलून घेतो. गणपतीपुळ्याच्या बाजूला बघू कुठंतरी."

ती तांदूळ निवडत होती. एक खडा काढून तिनं बाहेर टाकला.

"नको," ती म्हणाली. "तिथंच जाऊ."

"कुणी काही बोललं तर?"

"बोलले तर ऐकून घेईन. नऊ वर्षांत कुणी बोललंसुद्धा नाही." मग सुपातले तांदूळ एकीकडे सारून ती म्हणाली, "मला ती पुळण बघायचीय हो. मैनेला दाखवायचीय."

शनिवारी पहाटे आम्ही निघालो. मुलंबाळं धरून बावन्न माणसं, तीन पेट्या, दोन तबले, भांडी, सतरंज्या आणि गोदूबाईंचा पाटावरवंटा. भाट्याच्या तरीवर होडीला पाच खेपा माराव्या लागल्या. पलीकडे बैलगाड्या उभ्या होत्या. गाड्यांत सामान, म्हातारीकोतारी आणि लहान मुलं, बाकीचे चालत. जॉबरनं चालता चालता टाळ काढले, कुणीतरी भजन धरलं, आणि फणसोपच्या चढावर गाडीवानसुद्धा मान डोलवायला लागला. शांतवनसाहेब कोट खांद्यावर टाकून सगळ्यांच्या पुढे चालत होते. पन्नाशीचा माणूस, पण त्या दिवशी शाळा सुटलेल्या पोरासारखा दिसत होता.

डोंगराच्या कडेला आलो आणि खाली समुद्र दिसला. लांबलचक पांढरी पुळण, तिच्या दक्षिणेच्या टोकाला काळे खडक, खडकांच्या अलीकडे सुरूची झाडी, आणि उत्तरेला माडांत दडलेली वाडी. मथुरा गाडीतून उतरली. मैनेला कडेवर घेऊन ती तिथंच उभी राहिली. मैनेनं विचारलं, "आई, एवढं पाणी कुणाचं?" मथुरा हसली, आणि उत्तर न देता उतार उतरायला लागली, इतक्या झपझप, की मला तिच्या मागे धावावं लागलं.

त्या संध्याकाळचं कीर्तन मी विसरणार नाही. शांतवनसाहेबांनी उधळ्या पुत्राचं, घर सोडून गेलेल्या मुलाला बाप परत जवळ घेतो ते आख्यान लावलं. कंदिलांच्या उजेडापलीकडे वाडीतली काही माणसं येऊन उभी राहिली. आम्ही सतरंजीवर बसायला बोलावलं, पण कुणी पुढे आलं नाही. मथुरा त्या बाजूला एकसारखी बघत होती. मी हळूच विचारलं, "आहेत का?" तिनं मान हलवली. घरचं कुणी नव्हतं.

आता मौनाबद्दल सांगायला हवं. साहेबांचा नियम असा, की सकाळी सहाच्या घंटेपासून दहाच्या घंटेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. प्रत्येकानं झाडीत आपली जागा धरायची, वाचायचं, प्रार्थना करायची, किंवा नुसतं बसायचं. रविवारी ते काही जमलं नाही. एका पोराला मुंगळा चावला, गोदूबाईंना खुणेनं मीठ मागता येईना, आणि मग जो हशा पिकला तो थांबेना. साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "उद्या शेवटचा दिवस. उद्या मात्र देवाला बोलू द्या."

सोमवारी खरोखरच तसं झालं. घंटा झाली आणि झाडी शांत झाली. बावन्न माणसं, पण ऐकू येत होती फक्त लाटांची गाज आणि सुरूच्या पानांतून जाणारा वारा. मी झाडाला टेकून बसलो होतो. वेळापत्रक खिशात होतं, पण ते काढून बघावंसं वाटेना. मथुरा माझ्यापासून चार हातांवर, मांडीवर बायबल, मैना तिला रेलून वाळूत रेघा ओढत होती. बायबल उघडं होतं, पण मथुरेची नजर पाण्यावर होती.

थोड्या वेळानं मलाही कळलं ती काय बघतेय ते. वाडीसमोरच्या पाण्याचा एक मोठा पट्टा काळसर दिसत होता आणि त्यावर पक्षी तुटून पडत होते. वाडीकडून आरोळी उठली. एक होडी पाण्यात लोटली गेली, आणि मागे जाळं सोडत सोडत तिनं समुद्रात मोठा अर्धगोल घातला.

त्याला रापण म्हणतात. कित्येक कुटुंबांची जाळी एकमेकांना जोडून केलेलं हे एकच अजस्र जाळं. त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात. दोन्ही दोरांना माणसांच्या रांगा लागतात आणि जाळं मासळीसकट पुळणीवर ओढून आणतात. हे मला मथुरेनंच पूर्वी सांगितलं होतं. एकेका दोराला तीस-पस्तीस माणसं लागतात, असंही ती म्हणाली होती.

उत्तरेच्या दोरावर पंधरा-वीस माणसं दिसत होती. दक्षिणेचा दोर सरकत सरकत आमच्या झाडीसमोर आला, तेव्हा मी मोजली. अकरा. त्यांत चार बायका आणि तीन म्हातारे. सगळ्यांत पुढे एक उंच तरणा गडी, कमरेइतक्या पाण्यात. ते टाचा रोवून ओढत होते आणि ओढता ओढता उलट तेच समुद्राकडे घसरत होते. पाण्याची ओढ दक्षिणेला होती. जाळं हळूहळू त्या काळ्या खडकांकडे चाललं होतं.

मथुरा उभी राहिली. तिनं बायबल मिटून सतरंजीवर ठेवलं, मैनेचा हात गोदूबाईंच्या हातात दिला, पदर कमरेला खोचला आणि लुगड्याचा काष्टा आवळला. मग माझ्याकडे पाहिलं. मौन होतं म्हणून मी काही बोललो नाही. मी नुसती मान हलवली, आणि ती धावत सुटली. तिच्या मागे मी.

दोराजवळ पोचल्यावर मात्र ती थबकली. दोराला हात लावला नाही. पाण्याच्या कडेला एक राठ, पांढऱ्या मिशांचा म्हातारा दोन्ही हात हलवून उत्तरेच्या रांगेला खुणा करत होता. मथुरेनं त्याच्या पाठीकडे बघून हाक मारली.

"बाबा, ह्यो दोर खाली चाललाय. खडकाकडं ओढ हाय."

त्या वाडीची बोली मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. घरी ती माझ्यासारखंच बोलायची.

भागोजी वळला. त्यानं तिला पाहिलं, मग मला पाहिलं. पाण्यातल्या उंच गड्यानं मान वळवली. तो मथुरेचा धाकटा भाऊ रघू. ती घर सोडून गेली तेव्हा चौदा वर्षांचा होता.

"बाय?" तो म्हणाला. तेवढ्यात दोराला हिसका बसला आणि तो छातीइतक्या पाण्यात ओढला गेला.

"माणसं कुठं हायत बाकीची?" मथुरेनं विचारलं.

रांगेतली एक बाई धापा टाकत म्हणाली, "आज भाऊबीज न्हवं का गो. गडी गेले बहिनींकडं. कोन पूर्णगडास, कोन जयगडास. मासळीचा थवा असा आज येल, कुनाला ठाव?"

मथुरा आणि रघू दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं. त्याला एकच बहीण होती, आणि घराच्या लेखी ती मेलेली होती. म्हणून भाऊबिजेच्या दिवशी तो वाडीत होता.

"आमची माणसं हायत," मथुरा बापाला म्हणाली. "चाळीस हात हायत. बोलवू?"

दोरावरचा एक म्हातारा, रावजी त्याचं नाव, तो ओरडला, "भागोजी, ही बाटलेली माणसं. त्यांनी दोराला हात लावला तर जाळं धुवून घ्यावं लागंल."

भागोजीनं जाळ्याकडे पाहिलं. अख्ख्या वाडीचं जाळं होतं ते. खडकावर गेलं असतं तर मासळी राहू दे, सबंध वर्षभर पोटावर पाय आला असता.

"जाळं दर्यातच हाय, रावजी," तो म्हणाला. "आनी किती धुवायचं?"

मग मथुरेकडे वळून, जणू ती कालपर्यंत रोज त्याच्या हाताखाली होती अशा सुरात म्हणाला, "बघत काय ऱ्हायलीस? धर."

मथुरेनं दोर धरला. मीही धरला. तिनं झाडीकडे बघून हात उंचावला आणि जोरजोरात बोलावलं.

झाडीत सगळी मंडळी उभी राहिली होती. सगळ्यांचे डोळे आमच्यावर, पण पाय हलत नव्हते, कारण मौनाचे अजून दोन तास बाकी होते आणि साहेबांनी आदल्या दिवशी किती मनापासून सांगितलं होतं. सगळे साहेबांकडे बघत होते. शांतवनसाहेबांनी डोळे मिटले. एकच क्षण. मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि प्रवचनातसुद्धा लागत नाही एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाले, "आमेन." आणि कोट तिथंच टाकून धावले.

मागून सगळी झाडी धावली. जॉबर, कचेरीतले कारकून, शाळेची पोरं, दवाखान्यातल्या दोन परिचारिका, स्वयंपाकाच्या हातानिशी बायका. वाळू उडवत सगळे आले आणि दोराला लोंबकळले.

"हातानं ओढू नका," मथुरा ओरडली. "दोर कमरेशी घ्या आणि मागे चाला. टाच रोवा. शेवटाला पोचलात की सोडा आणि परत पुढे येऊन धरा." इतकी वर्षं ती दवाखान्यात बाळंतिणींना धीर देत होती, पण हा आवाज वेगळाच होता. पाळकसाहेब तिचं ऐकत होते, जॉबर ऐकत होता, रावजीसुद्धा ऐकत होता.

दोर घसरायचा थांबला. आम्ही एक पाऊल मागे गेलो. मग आणखी एक. माझ्या तळहातांची सालं निघाली, पण दुखतंय हे कळायलाही फुरसत नव्हती. कोळी "हैया हो" म्हणत ओढत होते. आमच्या लोकांना ते जमेना, कुणी आधी ओढी, कुणी नंतर. गोदूबाई दोराच्या शेवटाला बसून, मैनेला बरोबर घेऊन, आलेल्या दोराचं वेटोळं घालत होत्या. त्यांनी एकाएकी खणखणीत आवाजात "हालेलूया" धरलं. कोळ्यांचं "हैया हो" संपलं की आमचं "हालेलूया". ताल बसला. पुढच्या काही मिनिटांत कोण काय म्हणतंय याचा हिशोब राहिला नाही. रावजी माझ्या पुढे होता आणि तो डोळे मिटून, दातओठ खाऊन, "हालेलूया" म्हणत होता, हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

अर्ध्याहून अधिक जाळं आत आलं आणि दोर एकदम ताठ झाला. कितीही ओढलं तरी हलेना.

"अडकलं," भागोजी म्हणाला. "खडकाला धरलंय. थांबा, ओढू नका, फाटंल."

कुणी काही ठरवण्याआधीच रघूनं पाण्यात बुडी मारली. सगळे दोर ताणून उभे राहिले. पाणी एकसारखं हलत होतं, आतल्या मासळीनं खदखदत होतं, पण माणूस वर येईना. मी मथुरेकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. भागोजी पाण्यात दोन पावलं पुढे गेला, मग आणखी दोन. तेवढ्यात दोर सैल पडला आणि खडकाच्या पलीकडे रघूचं डोकं वर आलं. त्याचा खांदा खडकावरच्या कालवांच्या शिंपल्यांनी ओरबाडून रक्ताळला होता. त्यानं हात हलवून खूण केली, ओढा.

त्यानंतर जे ओढलं त्याला ओढणं म्हणत नाहीत. आम्ही अक्षरशः धावत मागे गेलो. दोन्ही दोर जवळ जवळ आले, जाळ्याचा घेर लहान लहान होत गेला, आणि शेवटी ते पुळणीवर आलं. बांगडा. मी आयुष्यात एवढा बांगडा एका जागी पाहिलेला नव्हता. निळ्या-हिरव्या पाठी, चंदेरी पोटं, हजारो, एकमेकांवर उड्या मारणारे, उन्हात डोळे दिपवणारे. पोरं नाचायला लागली. जॉबर वाळूत बसला आणि लहान मुलासारखा हसत सुटला. शांतवनसाहेब ओलेचिंब होऊन उभे होते आणि नुसते म्हणत होते, "बघा, बघा मंडळी, बघा."

मथुरा मात्र मासळी बघत नव्हती. ती रघूच्या खांद्यावरचं रक्त आपल्या पदरानं पुसत होती, आणि तो खाली मान घालून उभा होता.

"लई लागलं न्हाय," तो म्हणाला.

"गप ऱ्हा. कालवाची धार हाय, पिकंल. झाडीत औषध हाय माझ्याकडं."

वाटे घालायची वेळ आली तशी साहेब आम्हाला घेऊन मागे सरले. "आम्ही शेजारी म्हणून आलो," ते भागोजीला म्हणाले. "आम्हाला काही नको."

भागोजीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "दोराला हात लावील त्याला वाटा. ही रापणीची रीत हाय, पाद्रीबाबा. तुमी गप बसायची तुमची मोडलीत आमच्यापायी, आमची मोडायला लावू नका."

टोपल्या भरल्या गेल्या. शेवटी भागोजीनं एक टोपली बाजूला काढली, वरचे मोठे मोठे बांगडे निवडून तिच्यात टाकले, आणि ती उचलून माझ्या पायाशी आणून ठेवली. मथुरेकडे त्यानं बघितलं नाही.

"मास्तर न्हवं तुमी?"

"होय."

"ह्यो घरचा वाटा," तो म्हणाला आणि पाठ फिरवून जाळ्याकडे गेला.

मी टोपली उचलायला वाकलो, पण मला नीट दिसेना.

दुपारी प्रीतिभोजन झालं. वेळापत्रकात भाकरी, पाणी आणि केळी लिहिली होती. प्रत्यक्षात गोदूबाईंच्या पाट्यावर दोन तास वाटण चाललं आणि मोठ्या टोपात बांगड्याचं तिखलं शिजलं, बाजूला उकड्या तांदळाचा भात. शांतवनसाहेबांनी आशीर्वाद मागितला आणि पंगत बसणार, तेवढ्यात झाडीच्या कडेला रघू दिसला. न्हाऊन, धुतलेला सदरा घालून आला होता. त्याच्या मागे एक वाकलेली बाई, हातात झाकलेलं ताट. मथुरेची आई, सोनूबाई.

सोनूबाई पुढे येईनात. मथुराच गेली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. मग सोनूबाईंनी ताटावरचं फडकं काढलं. गूळ-खोबऱ्याचे पोहे होते, दिवाळीचे.

"नऊ दिवाळ्या," म्हातारी म्हणाली. "दरवर्षी तुझ्या नावानं मूठभर काढून ठेवायची गो. मग गाईला घालायची."

मथुरेनं ताट घेतलं. मी पुढे होऊन ते धरलं, आणि मग ती आईच्या गळ्यात पडली.

रघू पंगतीत बसला, शांतवनसाहेब आणि जॉबर यांच्या मधोमध. मथुरेनं त्याला वाढलं. त्यानं पहिला घास घेतला आणि म्हणाला, "आयशीसारखंच केलंयस." तेवढंच. मग भाताचा डोंगर संपवून त्यानं आणखी मागितला.

जेवणं झाल्यावर साक्षी सुरू झाल्या. एकेकजण उभा राहून बोलू लागला. कुणाला दुखण्यातून उठवलं होतं, कुणाला दारूतून सोडवलं होतं. मथुरेची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली आणि तिनं हात जोडले. म्हणाली, "माझा भाऊ जेवायला आलाय," आणि खाली बसली. शांतवनसाहेबांनी डोळे पुसले आणि पुढचं भजन सांगायचं विसरून गेले. ते मीच सुरू केलं, चुकीच्या पट्टीत, पण कुणी हसलं नाही.

भागोजी आला नाही. दुपारभर तो दूर पुळणीवर बसून फाटलेलं जाळं विणत होता. रघू म्हणाला, "येनार न्हाईत ते. पन आयेला त्यांनीच सांगितलं, जा म्हनून."

मंगळवारी सकाळी आम्ही आवराआवर केली. गाड्या आल्या, सामान चढलं, मुलं एकमेकांची नावं घेऊन जागा पकडू लागली. सगळ्यांना अजून रापणीचा हुरूप चढलेला होता. पुढच्या दिवाळीला इथंच यायचं असं जो तो दुसऱ्याला सांगत होता, आणि जॉबर आपल्या फोड आलेल्या हातांची गाडीवानाला ऐट दाखवत होता. मी माणसं मोजली आणि पुन्हा मोजली. पुळणीवर गेलेली मथुरा धरूनही एक कमी भरत होतं. मैना.

मी घाबरून पुळणीवर धावलो. मथुरा तिथं उभीच होती. पाण्यात, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, एक लहान होडी डुलत होती. तीत भागोजी वल्हं मारत बसला होता आणि त्याच्या पुढ्यात मैना, दोन्ही हातांनी कड घट्ट धरून. तो तिला काहीतरी सांगत होता आणि बोटानं खडकाकडे दाखवत होता. मैना मान हलवून हलवून विचारत होती. तिचा आवाज वाऱ्यावर तुटक तुटक ऐकू येत होता.

"मी सांगितलं नाही त्यांना," मथुरा म्हणाली. "ते स्वतः आले. म्हणाले, पोरीला होडीत बसवलंय का कधी तुमच्या मास्तरानं? मी म्हटलं, नाही, मास्तरांना पाण्याचं भय वाटतं."

"हे सांगायची काय गरज होती?"

ती हसली. दोन दिवसांच्या उन्हानं तिचा चेहरा काळवंडला होता आणि केसांत अजून वाळू होती.

मागून गाडीवानानं हाक दिली. ऊन चढायच्या आत भाट्याची तर गाठायला हवी होती, नाही तर भरती उतरून होडी खाडीच्या खाजणात, चिखलात अडकली असती. मी होडीकडे बघून हाक मारायला तोंड उघडलं, तर मथुरेनं माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "अजून एक फेरी मारू दे त्यांना. गाड्या थांबतील."

आणि गाड्या थांबल्या. शांतवनसाहेब खाली उतरले, गोदूबाई उतरल्या, मग एकेक करून सगळे उतरून पुळणीवर येऊन उभे राहिले, आणि बावन्नापैकी एकावन्न माणसं त्या होडीकडे बघत राहिलो.